अणुवैद्यकीय मेंदूप्रतिमांतील क्षीणन व विभेदन दुरुस्ती

रुग्णाला टोचलेल्या किरणोत्सारी औषधातून निघणारे गॅमा किरण मोजून मेंदूचे चित्र तयार करतात. त्या चित्रात दोन दोष हटकून येतात. मेंदू आणि कवटी ओलांडताना बरेच किरण वाटेतच अडतात किंवा दिशा बदलतात, हे क्षीणन. कॅमेऱ्याला फार बारीक भाग सुटे दाखवता येत नाहीत, ही विभेदनाची मर्यादा. या दोन्हींची गणिती भरपाई झाल्याशिवाय चित्रातला फिका भाग आजाराचा की यंत्राचा, हे ठरत नाही.

क्षीणन : स्पेक्ट तपासणीत (डोक्याभोवती फिरणारा कॅमेरा एकेक गॅमा किरण टिपतो ती) बहुधा टेक्नेशियम-९९एम वापरतात. त्याच्या किरणांची ऊर्जा १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि मऊ ऊतींतून जाताना दर सेंटिमीटरला त्यांपैकी सुमारे १४ टक्के कमी होतात. सात सेंटिमीटर खोलीवरून निघालेल्या किरणांचा जेमतेम तिसरा हिस्सा सरळ बाहेर येतो. म्हणून दुरुस्तीविना मेंदूचा मध्यभाग उगाचच फिका दिसतो. पेट या दुसऱ्या तपासणीत (तिचे औषध पॉझिट्रॉन सोडते) ५११ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन किरण विरुद्ध दिशांना सुटतात आणि दोन्ही पोचले तरच नोंद होते. डोक्यातून जाणाऱ्या १५ सेंटिमीटरच्या रेषेवर अशा जोड्यांपैकी चौथा हिस्साच उरतो. मात्र ही घट उगमाच्या खोलीवर नव्हे, तर पूर्ण रेषेवर अवलंबून असल्याने तिची भरपाई अधिक चोख करता येते.

स्पेक्टसाठी एल. टी. चँग यांनी १९७८ मध्ये मांडलेली पद्धत अजूनही वापरात आहे. डोक्याची बाह्यरेषा आखायची, आतला भाग एकसारखा मानायचा आणि प्रत्येक बिंदूला खोलीनुसार गुणक लावायचा. बाह्यरेषा मोठी आखली गेली तर मध्यभाग नको तितका उजळतो. विखुरलेले किरण आधी वजा केले असतील तर दर सेंटिमीटरला ०.१५ च्या आसपासचा, नसतील तर ०.१२ च्या आसपासचा गुणांक घेतात. सीटी जोडलेल्या यंत्रात हा अंदाज लागत नाही. सीटीतली घनता त्या ऊर्जेच्या क्षीणन-नकाशात बदलून घेतात.

अंदाजी बाह्यरेषा आणि सीटीचा नकाशा यांतला हा फरक विदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या पट्ट्यात सिकलसेलचे (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण बरेच आहेत आणि या आजारात लहान वयातही पक्षाघात होऊ शकतो. त्यासाठी मुख्य तपासण्या डॉपलर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) व एमआरआय याच. पण रक्तपुरवठा पाहण्यासाठी स्पेक्ट केलेच, तर यातल्या काही रुग्णांत हाडातली मज्जा वाढून कवटीचे हाड जाड झालेले असते, हे विसरून चालत नाही. ‘डोके एकसारखे’ हे गृहीतक अशा डोक्याला लागू पडत नाही. तिथे सीटीचा नकाशाच घ्यावा.

सीटीचे स्वतःचेही धोके आहेत. वर्षानुवर्षे न काढलेली कानातली बुगडी तशीच राहिली, तर धातूमुळे सीटीत पट्टे उमटतात आणि त्याच पातळीवरचा मेंदूचा भाग खोटा उजळू शकतो. सीटी आणि पेट यांच्या मधल्या वेळात डोके थोडे जरी कलले, तरी एका बाजूच्या मेंदूला कवटीबाहेरच्या हवेचा गुणक लागतो आणि तिथली बाह्यक (मेंदूचा बाहेरचा पातळ थर) खोटी फिकी पडते. मेळघाटातून किंवा भामरागडकडून रात्रीच्या एसटीने निघून, एफडीजीसाठी (पेटसाठी टोचायचे साखरेसारखे किरणोत्सारी औषध) उपाशीपोटी शहरातल्या केंद्रात पोचलेला माणूस टेबलावर डुलकी घेतो आणि मान ढिली पडते, ही नेहमीची गोष्ट आहे. एफडीजीतल्या फ्लोरिन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटांचे. दुपारनंतर चूक कळली तर नव्याने औषध आणि बहुतेक वेळा नवी फेरी, म्हणजे सोबत आलेल्याचीही मजुरी बुडते. दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवून जुळणी तपासायची ती रुग्ण टेबलावर असतानाच. हे ऐच्छिक मानू नये.

विभेदन : मेंदूची बाह्यक सरासरी अडीच मिलिमीटर जाड असते; पेटचे विभेदन साधारण ४ ते ६ मिलिमीटर, स्पेक्टचे ७ ते १० किंवा त्याहून वाईट. ओल्या सारवलेल्या भिंतीवर गेरूची बारीक रेघ ओढली की ती पसरते. रंग तेवढाच राहतो, पण रेघ रुंद आणि फिकी होते. बाह्यकेचे तसेच होते. हॉफमन, हुआंग व फेल्प्स यांनी १९७९ मध्ये दाखवले, की वस्तू विभेदनाच्या दुपटीहून लहान असेल तर तिची मोजलेली तीव्रता खऱ्याहून कमी भरते. वयाने मेंदू आक्रसलेला असेल, तर पेशींचे काम मंदावले की नुसती जाडी घटली, हे केवळ पेटच्या चित्रावरून सांगता येत नाही. स्मृतिभ्रंशाचे निदान इथेच चुकू शकते.

१९९२ ची म्यूलर-गार्टनर पद्धत एमआरआयवरून करडे द्रव्य (मुख्यतः पेशींचे), पांढरे द्रव्य (तंतूंचे) आणि मेंदूभोवतीचा द्रव वेगळे करते, पांढऱ्यातून सांडलेला भाग वजा करते आणि उरलेल्याला करड्याच्या, पेटच्या विभेदनाइतक्या धूसर केलेल्या, प्रमाणाने भागते. यात गोंगाटही (चित्रातले यादृच्छिक चढउतार) वाढतो आणि एमआरआयची जुळणी चुकली तर दुरुस्तीच नवा दोष निर्माण करते. त्यामुळे मूळ व दुरुस्त अशी दोन्ही चित्रे शेजारी ठेवून वाचावीत.

काही विभेदन मात्र गणिताआधीच वाचवता येते. कोलिमेटर (स्पेक्ट कॅमेऱ्यासमोरची भोके असलेली शिशाची जाळी) डोक्यापासून जितका दूर, तितके चित्र अस्पष्ट. आयुष्यभर निंदण करून पाठीला पोक आलेल्या म्हातारीचे डोके पाठीवर झोपवले तरी उचललेलेच राहते, खांदे कॅमेऱ्याच्या वाटेत येतात आणि तंत्रज्ञ कॅमेऱ्याच्या फिरण्याचा घेर वाढवतो. गुडघ्यांखाली व मानेखाली उशा देऊन पाच-दहा मिनिटे घालवली, तर तो घेर बराच कमी होतो.

यंत्राची परीक्षा हॉफमन मेंदू फँटमवर (किरणोत्सारी द्रव भरायचा मेंदूचा नमुना) घेतात. त्यात करड्या व पांढऱ्या भागांतली तीव्रता ४:१ ठेवलेली असते. दुरुस्तीपूर्वी हे गुणोत्तर बरेच खाली येते आणि नंतर ते ४ च्या किती जवळ पोचले, तसेच मध्यभाग कडांच्या बरोबरीला आला का, हे पाहून गुणांक पक्के करतात.