गाठ परतत नाही, मग आयुष्य का वाढत नाही?

फुफ्फुसातली कॅन्सरची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली, तरी एखादी पेशी मागे राहिली असेल ही धास्ती जात नाही. मग वाटते, रेडिएशन देऊन ती जागा साफ करून घेतलेली बरी. कित्येक वर्षे डॉक्टरांनाही हे पटत होते आणि उपचारही तसेच होत होते.

१९९८ साली या समजाला मोठा धक्का बसला. ९ चाचण्यांमधल्या २,१२८ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली. सगळे नॉन-स्मॉल सेल या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराचे रुग्ण होते. शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ५५ टक्के दोन वर्षांनी हयात होते, तर घेतलेल्यांपैकी ४८ टक्के. ज्या उपचाराने जीव वाचायचा, त्यानेच तो धोक्यात येत होता! सर्वाधिक नुकसान झाले ते पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांचे, म्हणजे ज्यांना त्याची गरज सर्वांत कमी होती त्यांचे.

याचे कारण छातीच्या रचनेत आहे. दोन फुफ्फुसांच्या मधोमध लसिकाग्रंथी (लिम्फ नोड्स) असतात आणि रेडिएशनचा रोख त्यांच्यावर असतो. पण त्यांना लागूनच हृदय, अन्ननलिका आणि शस्त्रक्रियेनंतर उरलेले फुफ्फुस आहे. जुन्या कोबाल्ट यंत्रांचे किरण या सगळ्यांना सरसकट भाजत. फुफ्फुसाचा एक भाग आधीच काढलेला, त्यात उरलेल्याला सूज आली की श्वास अपुरा पडतो. हृदयाला झालेली इजा तर कित्येकदा काही वर्षांनी वर येते. त्यामुळे उपचार संपल्यावर ठणठणीत दिसणारा माणूस पुढे हृदयविकाराने गेला, तर रेडिएशनशी त्याचा संबंध कुणी सहज जोडत नाही. असे संबंध उघडे पाडायला शेकडो रुग्णांच्या दोन गटांची तुलनाच लागते.

एक शंका मात्र उरली होती. मधल्या लसिकाग्रंथींपर्यंत कॅन्सर पोचलेल्या रुग्णांचे काय? तिथे आजार परतण्याची भीती जास्त असते, आणि यंत्रेही आता सुधारली होती. त्यासाठी युरोपात लंग आर्ट नावाची चाचणी झाली. ५०१ रुग्णांपैकी निम्म्यांना ५४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनच्या मात्रेचे एकक) इतके रेडिएशन मिळाले, बाकीच्यांना नाही. बहुतेकांची किमोथेरपी झालेली होती. छातीच्या मध्यभागी आजार परतण्याचे प्रमाण रेडिएशनमुळे जवळजवळ निम्म्यावर आले. तरीही तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण रेडिएशन घेतलेल्यांत होते ६७ टक्के, आणि न घेतलेल्यांत ६९. हृदय-फुफ्फुसांचे गंभीर त्रास उशिरा उद्भवले, तेही ११ टक्के रुग्णांना. दुसऱ्या गटात ५ टक्क्यांना. चीनमधल्या पोर्ट-सी चाचणीतही आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

मला या निकालातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही वाटते की रेडिएशनने आपले काम चोख केले होते. पण या टप्प्यावर माणूस दगावतो तो बहुधा मेंदू, हाडे, यकृत अशा दूरच्या अवयवांत पसरलेल्या आजाराने, आणि छातीवर रोखलेले किरण तिथे पोचत नाहीत. रक्तावाटे सगळीकडे जाणारी औषधे पोचतात. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या किमोथेरपीने आयुष्य थोडे, पण निश्चित वाढते. कॅन्सरच्या पेशींतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल असलेल्यांमध्ये ओसिमर्टिनिबच्या गोळ्यांनी पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ७८ वरून ८८ टक्क्यांवर नेले.

रेडिएशन मोडीत निघाले, असा अर्थ यातून काढू नये. शस्त्रक्रिया झेपणार नाही अशा रुग्णांच्या लहान गाठीवर नेमके, जोरदार रेडिएशन हा उत्तम उपाय आहे. आणि काढलेल्या भागाच्या कडेवरच कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर गाठ पूर्ण निघालेलीच नसते; वरच्या दोन्ही चाचण्यांत असे रुग्ण नव्हते. तिथे रेडिएशनचा विचार आजही होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: कडा स्वच्छ आहेत का, आणि कोणत्या लसिकाग्रंथींत आजार सापडला.