बुकिंग झालं, पुढे काय? न्हावा-शेव्यातून माल पाठवणाऱ्या ग्राहकांसाठी

“सेलिंग (जहाज सुटणं) 18 तारखेचं आहे, मग गाडी 17 ला निघाली तर चालेल ना?” द्राक्षाच्या हंगामात हा प्रश्न आम्हाला रोज येतो. सेलिंगची तारीख बाजूला ठेवा, आधी गेट कट-ऑफ विचारा. त्या जहाजासाठी टर्मिनलचं गेट बंद होण्याची ही वेळ बहुतेकदा जहाज धक्क्याला लागायच्या आधीच उलटून गेलेली असते. जहाज रखडलं तर कट-ऑफ पुढे सरकू शकतो, पण टर्मिनलने कळवलं तरच. ॲपवर उशीर दिसला म्हणून गाडी परस्पर थांबवू नका. आणि न्हावा-शेव्यात टर्मिनल एक नाही, अनेक आहेत. ड्रायव्हरला नुसतं ‘जेएनपीटी’ सांगून भागत नाही. टर्मिनलचं नाव आणि फॉर्म 13, म्हणजे गेटमधून आत सोडायचा कागद, हातात हवा.

वजन खरं द्या

जहाज वाटेल तसं भरत नाहीत. जड डबे, म्हणजे कंटेनर, खाली, हलके वर. पुढच्या बंदरात उतरायचा डबा नंतरच्या बंदराच्या डब्यांखाली अडकता कामा नये. रीफरला, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या डब्याला, वीज लागते, म्हणून तो प्लगपाशीच. ज्वलनशील माल वेगळा. हा सगळा आराखडा तुम्ही कळवलेल्या वजनावर बेतलेला असतो. 1 जुलै 2016 पासून सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार प्रत्येक भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढवत नाहीत. भरलेला डबा काट्यावर नेऊन वजन करता येतं, किंवा माल आणि पॅकिंग मोजून त्यात रिकाम्या डब्याचं वजन मिळवता येतं. आमचं मत विचाराल तर सरळ काट्यावर न्या. बेरजेत पॅलेट आणि पुठ्ठे हमखास सुटतात.

वीस फुटी डब्यात साधारण 33 घनमीटर जागा असते. कोल्हापूरच्या कास्टिंगचा (ओतीव धातूच्या भागांचा) डबा उघडून पाहिला तर अर्धा रिकामा दिसेल, पण वजनाने तो भरलेला असतो. म्हणून ‘जागा आहे, अजून चार पेट्या टाका’ हे आम्हाला विचारल्याशिवाय नको.

द्राक्षवाल्यांसाठी

रीफर कंटेनर माल थंड करत नाही, थंड माल थंड ठेवतो. एवढं एक वाक्य पॅकहाउसच्या भिंतीवर लावा. प्रीकूलिंग (भरण्याआधी माल थंड करणं) पूर्ण न झालेली द्राक्षं आत गेली तर यंत्र कितीही चांगलं असो, पेटीच्या मधोमध असलेली उष्णता लवकर निघत नाही. थंड हवा जमिनीच्या खाचांतून येते, पेट्यांमधून वर चढते आणि छताजवळून परत जाते. आतल्या भिंतीवर लाल रेषा असते, तिच्या वर एकही पेटी रचू नका, नाहीतर हवेची परतीची वाट बंद होते. नाशिकहून निघताना ट्रेलरवरचा जेनसेट, म्हणजे रीफरला वीज देणारा जनरेटर, चालू आहे ना, हे ड्रायव्हरकडून फोटो मागवून पाहा. आणि तापमानाचा आकडा बुकिंगवर नीट वाचा: उणे अर्धा अंश आणि अधिक अर्धा अंश यांत फक्त एका चिन्हाचा फरक असतो.

तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे 2023 च्या अखेरीपासून बऱ्याच शिपिंग लाइन्सनी (जहाज कंपन्यांनी) सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. त्या वाटेने रॉटरडॅमला जायला साधारण दहा ते चौदा दिवस जास्त लागतात. तुमचं जहाज कोणत्या वाटेने जाणार, हे बुकिंगआधीच विचारा. तोडणीचं गणित त्यावर ठरतं.

डबा कोलंबोत का दिसतोय?

घाबरू नका. प्रत्येक जहाज थेट जात नाही. काही डबे कोलंबो किंवा जेबेल अलीसारख्या बंदरात उतरवून मोठ्या जहाजावर चढवतात. सर्वांत मोठी कंटेनर जहाजं 400 मीटर लांब असतात आणि वीस फुटी हिशेबाने 24 हजार डबे वाहतात. ती प्रत्येक बंदरात फिरत नाहीत.

माल मागवणाऱ्यांसाठी थोडक्यात

दोन भाडी वेगळी असतात, त्यांची गल्लत करू नका. बंदरात किंवा सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) माल पडून राहिला तर जागेचं भाडं. रिकामा डबा मुदतीत परत केला नाही तर शिपिंग लाइनचं डब्याचं भाडं, म्हणजे डिटेन्शन. दोन्हीचे मोफत दिवस वेगळे मोजतात. बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर घेतल्याबद्दल लाइन देते त्या कागदाची, मूळ प्रत मात्र जिवापाड जपा. ती साधी पावती नाही, मालावरचा हक्क आहे. हरवली तर लाइन सहसा बँक गॅरंटी मागते, आणि तोवर भाडं चालूच.

विमा

ग्राहक हा खर्च सर्वांत आधी कापतात, आणि आम्हाला ते पटत नाही. 25 मे 2025 रोजी केरळजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 640 कंटेनरांसह बुडालं. जहाज न बुडताही झळ बसते. 2021 मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या मालकाने ‘जनरल ॲव्हरेज’ जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवण्याच्या खर्चात सगळ्या मालधन्यांचा वाटा. स्वतःचा माल शाबूत असला तरी हमी दिल्याशिवाय तो सुटत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते, नसेल तर रोख रक्कम तुम्हाला भरावी लागते. पॉलिसीची प्रत इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टबरोबरच आमच्याकडे पाठवा, म्हणजे ऐनवेळी शोधाशोध नको.