आशय व्यवस्थापन प्रणाली, विद्यापीठीय (ग्रामीण विदर्भ)

संकेतस्थळावरील मजकूर, परिपत्रके व छायाचित्रे विदागारात साठवून, प्रोग्रामिंग न जाणणाऱ्या कर्मचाऱ्यालाही ती ब्राउझरमधून प्रसिद्ध करता यावीत यासाठीची संगणकीय व्यवस्था. व्यवहारात ‘सीएमएस’ असेच म्हणतात.

उगम : या प्रणालीच्या उगमाबाबत एकमत नाही. १९८० च्या दशकातील दस्तऐवज व्यवस्थापनाच्या आज्ञावलींत (उदा., फाइलनेट) काही अभ्यासक तिचे मूळ पाहतात, इतर ते १९९० च्या दशकाच्या मध्यास बातम्यांच्या संकेतस्थळांच्या गरजेतून घडलेल्या साधनांत, विशेषतः सीनेट या संकेतस्थळाकडून व्हिग्नेट कंपनीकडे गेलेल्या यंत्रणेत, शोधतात. मजकूर व मांडणी यांची फारकत हा प्रणालीचा गाभा मानल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. विद्यापीठांच्या आवाक्यात ती आली ती मात्र मुक्त स्रोत (कोणालाही विनाशुल्क वापरता व बदलता येणाऱ्या) आज्ञावलींमुळे : द्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) व मॅम्बोपासून फुटून निघालेली जूमला (२००५).

प्रदेश : नागपूर (१९२३), अमरावती (१९८३) आणि नागपूर विद्यापीठाच्या विभाजनातून झालेले गडचिरोलीचे गोंडवाना (२०११) ही येथील प्रमुख संलग्नक विद्यापीठे. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर सुमारे २०० कि.मी. आहे, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. धारणी-चिखलदऱ्याच्या विद्यार्थ्यालाही अमरावती सोयीची नाही. परीक्षा अर्जाची वाढीव मुदत संकेतस्थळावर वेळेत दिसली, तर एक खेप वाचते. अशी सूचना बहुधा मोबाइलवर किंवा झेरॉक्सच्या दुकानात पाहिली जाते.

लिपी व संकेतन : प्रणाली बसवणे त्या मानाने सोपे, अडचण मजकुराची. कार्यालयांतील मराठी दीर्घकाळ कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या फॉन्टांत टंकित होत आली. कृतिदेवमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असल्याने तो मजकूर प्रणालीत चिकटवताच रोमन अक्षरांचे कडबोळे उमटते. त्यामुळे परिपत्रक छापायचे, कुलसचिवांची सही व जावक क्रमांक घ्यायचा, स्कॅन करायचे आणि पीडीएफ चढवायची, अशी वहिवाट पडली. अशा पीडीएफमध्ये शोध चालत नाही, अंध विद्यार्थ्याचे वाचक सॉफ्टवेअरही ती वाचू शकत नाही.

युनिकोड (सर्व लिपींसाठीचे समान संकेतन) स्वीकारल्यावरही काही पेच उरतात. ‘दुसऱ्या सत्राचा निकाल’ यातील ऱ्य दोन प्रकारे टंकित होतो : ऱ व हलन्त चिन्ह वापरून, किंवा र, हलन्त चिन्ह व अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एका प्रकाराने शोधल्यास दुसरा सापडेलच असे नाही. वर्डप्रेसमध्ये पानाच्या पत्त्याचा शीर्षकातून बनणारा भाग २०० वर्णांपुरता मर्यादित असतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, तेथे सांकेतिक रूपात नऊ वर्ण खाते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात. ‘उन्हाळी २०२४ परीक्षेचे सुधारित वेळापत्रक’ हे शीर्षक पत्त्यात ‘सुधारित’च्या पहिल्या ‘स’वरच तुटते. ‘उन्हाळी २०२४ परीक्षेचे संभाव्य वेळापत्रक’ही तिथेच तुटते, मग दोन्ही पत्ते केवळ शेवटच्या आकड्याने वेगळे राहतात. वेळापत्रकांच्या बाबतीत हा घोटाळा किरकोळ म्हणता येत नाही. पत्ता हाताने, रोमन लिपीत व आटोपशीर देणे हा रूढ उपाय होय.

अंगीकार : माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ४ स्वयंप्रेरणेने माहिती प्रकट करण्यास सांगते. शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली व पुढे सुधारली गेली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने सुगम्यतेला कायद्याचा आधार दिला. काम सहसा निविदेद्वारे बाहेरच्या संस्थेकडे जाते. करारात होस्टिंग, डोमेन व प्रशासक खात्याचे पासवर्ड विद्यापीठाच्या नावे राहतील हे कलम नसल्यास, देखभालीची मुदत संपताच साधी सूचना बदलणेही कठीण होते. निकालांची यंत्रणा बहुधा स्वतंत्र असते.

परीक्षा, आस्थापना, विद्यार्थी विकास अशा विभागांना स्वतंत्र अधिकार देऊन मसुदा, तपासणी व प्रसिद्धी हे टप्पे आखता येतात. टिपणी खालून वर जाण्याच्या कार्यालयीन पद्धतीशी ते जुळतात, म्हणून कर्मचाऱ्यांना परके वाटत नाहीत. द्रुपलमध्ये हे टप्पे अधिक बारकाईने बांधता येतात, पण ते सांभाळणारे हात तालुक्याच्या गावी मिळणे अवघड. वर्डप्रेस जाणणारे सहज मिळतात. या भागासाठी ही बाब निर्णायक मानावी लागते. मात्र प्लगइन (जोड आज्ञावली) वेळच्या वेळी अद्ययावत न केल्यास वर्डप्रेसची संकेतस्थळे हॅकरांना लवकर बळी पडतात. जुन्या फॉन्टांतील परिपत्रकांसाठी रूपांतरक आज्ञावली आहेत. त्यांचे फलित, विशेषतः रफार व जोडाक्षरे, माणसाने तपासावे लागते.