कामगार भरपाईच्या दाव्याची मुदत

कामावर असताना कामगाराला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला, तर मालकाकडून भरपाई मिळवण्याचा दावा किती काळात दाखल करायचा, याला कायद्याने घातलेली मर्यादा. भारतात ती दोन वर्षांची आहे. १ जुलै १९२४ पासून अंमलात आलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या दहाव्या कलमात ती सांगितलेली होती. १९६२ च्या दुरुस्तीपूर्वी कामगाराला एकच वर्ष मिळत असे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. संहितेने दोन वर्षांचा नियम तसाच ठेवला, त्यामुळे अपघात या तारखेच्या अलीकडचा असो की पलीकडचा, मुदत तीच राहते.

कायदा कामगाराकडून दोन गोष्टी मागतो आणि त्यांची गल्लत झाली की नुकसान कामगाराचेच होते. पहिली गोष्ट म्हणजे मालकाला अपघाताची नोटीस. तिला ठरावीक दिवसांची अट नाही. ‘शक्य तितक्या लवकर’ द्यावी एवढेच म्हटले आहे. दुसरी म्हणजे भरपाईचे दावे निकाली काढणाऱ्या भरपाई आयुक्तासमोर (संहितेच्या भाषेत सक्षम प्राधिकाऱ्यासमोर) दाखल केलेला दावा. दोन वर्षांची मुदत आहे ती या दाव्याला. पोलिसांनी पंचनामा केला, सरकारी दवाखान्यात जबाब झाला, मालकाला अर्ज दिला, युनियनने पत्र लिहिले, यांपैकी कशानेही दावा दाखल होत नाही. ही सगळी कागदपत्रे पुढे पुरावा म्हणून फार मोलाची ठरतात, पण ती जमा होत असताना मुदत थांबत नाही. ‘केस चालू आहे’ असे समजून घरचे निर्धास्त असतात आणि प्रत्यक्षात आयुक्ताकडे एक कागदही गेलेला नसतो, ही या विषयातली सर्वांत दुःखद गोष्ट आहे.

नोटिशीसाठी वकिली भाषा लागत नाही. जखमीचे नाव व पत्ता, अपघाताची तारीख आणि इजा कशाने झाली हे साध्या शब्दांत लिहिले की पुरे. ‘अमुक तारखेला दुसऱ्या पाळीत पॉवर प्रेसवर काम करताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटे तुटली’ एवढे वाक्यसुद्धा चालते. जुन्या कायद्यानुसार नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवता येई किंवा कामाच्या जागी अशी वही ठेवलेली असेल तर तिच्यात नोंद करता येई. ती खुद्द मालकालाच द्यावी असेही नाही; कारभार पाहणाऱ्या जबाबदार माणसाला दिली तरी चालते. नोटीस दिलीच नाही किंवा तिच्यात चूक राहिली, म्हणून दावा आपोआप बाद होत नाही. मालकाला अपघात घडला त्या सुमारास दुसऱ्या मार्गाने कळले असेल, किंवा कामगार कामाच्या जागीच दगावला असेल, तर नोटिशीचा मुद्दा आड येत नाही. सुपरवायझरनेच जखमीला रिक्षात घालून दवाखान्यात नेले असेल, तर ‘आम्हाला कळवलेच नाही’ हा बचाव टिकणे कठीण.

मुदत अपघाताच्या दिवसापासून मोजतात. मृत्यू झाला असेल तर मृत्यूच्या तारखेपासून. म्हणजे बांधकामावरून पडलेला मजूर आठ महिने अंथरुणावर राहून त्या इजेनेच वारला, तर वारसांची दोन वर्षे मृत्यूच्या दिवसापासून सुरू होतात.

व्यवसायजन्य आजारांत मोजणी अवघड होते, कारण तिथे अपघाताचा असा एक दिवसच नसतो. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस, सूतगिरणीतल्या कापसाच्या तंतूंनी होणारा बिसिनोसिस, साखर कारखान्यातल्या बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) धुळीने होणारा बगॅसोसिस, हे आजार कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत. अशा आजाराने कामगार सलग गैरहजर राहू लागला, त्या गैरहजेरीचा पहिला दिवस हाच अपघाताचा दिवस मानतात. आजाराने अंशतः अपंगत्व आले पण तो कामावर येतच राहिला, तर त्याने मालकाला अपंगत्वाची नोटीस दिली त्या दिवसापासून दोन वर्षे धरतात. आणि ठरलेला काळ ते काम करून नोकरी सोडलेल्या कामगाराला, सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर लक्षणे प्रथम आढळली तो दिवस धरला जातो. फुप्फुसाचे आजार हळूहळू वर येतात हे लक्षात घेता ही शेवटची सवलत अपुरी वाटते. खाणीतून किंवा खडी क्रशरवरून सुटल्यावर पाच-सात वर्षांनी दम लागू लागलेल्या माणसाला तिचा आधार मिळत नाही.

मुदत उलटली तरी दार पूर्ण बंद होत नाही. पुरेसे कारण होते अशी खात्री पटल्यास आयुक्त उशिराचा दावा दाखल करून घेऊ शकतो. त्यासाठी दाव्यासोबत विलंब माफीचा अर्ज जोडतात. लांबलेले उपचार, कायद्याची माहिती नसणे, मालकाने ‘देतो, बघतो’ म्हणत झुलवत ठेवणे, ही कारणे त्यात नेहमी मांडली जातात. पण माफी हा हक्क नाही. कारण पटवून द्यावे लागते आणि दवाखान्याची कागदपत्रे, मालकाशी झालेला पत्रव्यवहार असे काही हातात असावे लागते.

मुदतीच्या आत केव्हाही दावा केला तरी भरपाईचा आकडा घटत नाही. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील जेपोर येथील एका सुताराच्या प्रकरणात निकाल दिला. सिनेमागृहात काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्ताच्या निकालाची वाट पाहत नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणूनच महिनाभरात पैसे न देणाऱ्या मालकाला १९२३ च्या कायद्यानुसार १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड भरावा लागे.

महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच भरपाई आयुक्ताचे काम पाहत आले आहेत. पूर्वी अपघात घडला तिथेच दावा लावावा लागे. १९९५ च्या दुरुस्तीने कामगार किंवा त्याचे वारस जिथे राहतात तिथेही तो लावता येऊ लागला. मुंबईच्या इमारतीवर किंवा कोल्हापूरच्या उसाच्या फडात दगावलेल्या माणसाच्या पत्नीला बीडमधूनच दावा करता येतो, ही सोय दोन वर्षे गाठण्याच्या दृष्टीने फार मोठी आहे, कारण तारखेला जायचे म्हणजे मजुरी बुडते आणि एसटीचे भाडेही लागते. मधल्या कंत्राटदाराने हात वर केले तर मूळ मालकावरही दावा लावता येतो, त्यामुळे पळालेला मुकादम सापडेपर्यंत थांबून मुदत घालवण्याचे कारण नाही.

ज्याच्या पगारातून कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे ईएसआयची, वर्गणी कापली जाते त्या कामगाराला हा मार्ग खुला नसतो. त्याला अपंगत्व लाभ महामंडळाकडून मिळतो. तिथले कालमापनही वेगळे आहे. १९४८ च्या विमा कायद्याप्रमाणे लाभ देय झाल्यापासून बारा महिन्यांत महामंडळाकडे मागणी करावी लागे आणि वाद झाला तर कारण घडल्यापासून तीन वर्षांत विमा न्यायालयात जावे लागे. त्यामुळे अपघातानंतर आधी पगाराची पावती पाहून ईएसआयची कपात होती का, हे तपासावे लागते.