दुकानातला संगणक आणि गिऱ्हाइकाची माहिती : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आधारची प्रत, जमिनीचा उतारा, मराठी-कानडी लग्नपत्रिकेचा मजकूर हे सगळं डीटीपीवाल्याच्या (मजकूर टाइप करून छापून देणाऱ्याच्या) एकाच संगणकातून जातं. त्यामुळे त्या संगणकातून बाहेर काय जातं, हा प्रश्न एकट्या दुकानदाराचा नाही.

वाद जुना आहे. विंडोज ९८ च्या नोंदणीत नकार देऊनही संगणकाची ओळख मायक्रोसॉफ्ट कंपनीकडे जाते, हे १९९९ मध्ये उघड झालं होतं. पण खरं वळण २०१५ चं.

त्या जुलैत विंडोज १० आली. विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना वर्षभर फुकट. बसवताना समोर ठळक बटण होतं 'एक्स्प्रेस सेटिंग्ज'चं. ते दाबलं की ठिकाण, टायपिंग, जाहिरात-ओळख (जाहिरातींसाठी दिलेला क्रमांक) सगळ्याची माहिती पाठवणं चालू. बदलायची वाट मात्र बारीक अक्षरात. त्याहून वादग्रस्त निर्णय पुढेच होता. संगणकाच्या वापराची आणि बिघाडांची कंपनीकडे जाणारी माहिती होम आणि प्रो या सामान्य आवृत्त्यांत कमी करता यायची, बंद नाही. जवळजवळ बंद करण्याची पातळी ठेवली ती मोठ्या उद्योगांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या आवृत्त्यांना. कंपनी म्हणे, बिघाड कळल्याशिवाय दुरुस्ती कशी होणार? मुद्दा खोटा नव्हता. पण बँकेचा संगणक ती माहिती न पाठवता चालतो, तर झेरॉक्सच्या दुकानातला का चालू नये? याचं समाधानकारक उत्तर आजवर मिळालेलं नाही. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण नियामकाने २०१६ मध्ये कंपनीला नोटीस दिली. २०१७ मध्ये एक्स्प्रेसचं बटण गेलं, मूलभूत पातळीवरची माहिती कमी झाली. पूर्ण बंदचा पर्याय विंडोज ११ मध्येही सामान्य आवृत्त्यांना नाही.

फोनची गोष्ट थोडी बरी. अँड्रॉइड ५ ने २०१४ मध्ये मराठी आणि कानडी मेनू दिले. सहाव्या आवृत्तीपासून ॲपला कॅमेरा, संपर्क यांची परवानगी वापरताना मागावी लागली. त्याआधी ॲप घेतानाच सगळं एकगठ्ठा मान्य करायचं. माइक चालू असल्याची हिरवी खूण बाराव्या आवृत्तीत, २०२१ मध्ये आली.

कायदा उशिरा आला. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ चा. मूळ याचिकाकर्ते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ चे, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे. स्वतःच्या घरगुती वापराला त्यात सूट आहे. गिऱ्हाइकाचं आधार साठवणं त्या सुटीत बसत नाही.