ठाणे पालिकेच्या अंदाजपत्रकाची पार्श्वभूमी : टाळेबंदीनंतर सावरतानाचा पैसा कुठून आला?

जकात गेली आणि शहराच्या उत्पन्नाची दोरी शहराच्या हातून सुटली. एप्रिल 2013 मध्ये ठाण्यात स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट 2015 मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाला. जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कराची भरपाई राज्याकडून येते. ती 2016-17 हे पायाभूत वर्ष धरून दरवर्षी 8 टक्क्यांनी वाढते. उरलेली भिस्त मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानग्यांच्या शुल्कावर.

मार्च 2020 मध्ये 3,780 कोटींचे अंदाजपत्रक मांडले गेले, त्याच महिन्यात टाळेबंदी लागली. 2021-22 साठी आकडा थेट 2,755 कोटींवर आणला. या कपातीचे व्हावे तेवढे कौतुक झाले नाही.

खरा वाद अधिमूल्याचा, म्हणजे जादा बांधकामाच्या परवानगीसाठी विकासक भरतो त्या शुल्काचा (प्रीमियम). जानेवारी 2021 मध्ये राज्याने बांधकाम अधिमूल्यात 50 टक्के सवलतीचा निर्णय घेतला. मुदत 31 डिसेंबर 2021, आणि सवलत घेणाऱ्या विकासकाने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरायचे. समर्थकांचे म्हणणे, थांबलेले प्रकल्प हलतील, मजुरांना काम मिळेल. ते चुकीचे नव्हते. पण मुदतीची सवलत पुढच्या दोन-तीन वर्षांचा भरणा आजच ओढून आणते, तोही निम्म्या दराने. जमेची बाजू फुगलेली दिसते, ती मुळात उद्याची असते. अशा जमेवर टीएमटी या पालिकेच्या बससेवेचे अनुदान, कळव्याच्या पालिका रुग्णालयाचा खर्च, सफाईचे ठेके असा दरवर्षीचा खर्च बेतणे धोक्याचेच. हा पैसा वेगळा काढून ठेकेदारांच्या थकीत बिलांकडे वळवायला हवा, ही मागणी म्हणूनच रास्त होती.

पुढे अंदाजपत्रकाचे आकडे झपाट्याने चढले : 2022-23 मध्ये 3,299 कोटी, 2023-24 मध्ये 4,370, 2024-25 मध्ये 5,025. दोन वर्षांत दीडपट! यात राज्याच्या अनुदानाचा वाटा मोठा. अनुदान ठरलेल्या कामासाठीच येते. त्यातून ठेकेदारांची जुनी देणी भागत नाहीत, उलट नव्या कामाची देखभाल पालिकेच्या गळ्यात पडते. शेजारच्या नवी मुंबईला मागच्या वर्षातून उरलेल्या मोठ्या शिल्लकीचा आधार तरी असतो.

मार्च 2022 मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपली. जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत अंदाजपत्रक प्रशासकच मांडत आणि प्रशासकच मंजूर करत. त्यामुळे 2023-24 पासूनची वाढ नगरसेवकांच्या स्थायी समितीत एकदाही आकड्यागणिक तपासली गेली नाही.