कत्तलखान्यातील अळ्या: प्रश्न मांसाचा कमी, मोरीचा जास्त

मांस सडले की त्यात आपोआप अळ्या होतात, ही समजूत फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने १६६८ मध्येच खोडून काढली होती. तलम कापडाने तोंड झाकलेल्या बरणीतील मांसात अळ्या झाल्या नाहीत, उघड्या बरणीतील मांसात झाल्या, कारण तेथे माश्यांना अंडी घालता आली. तरीही कत्तलखान्याच्या स्वच्छतेची चर्चा आजही मांस ताजे की शिळे एवढ्यावरच अडते. माशीने अंडी कुठे घातली आणि पोट भरलेली अळी कुठे गेली, हे फारसे कोणी विचारत नाही.

भारतात अशा ठिकाणी हमखास दिसते ती लाल डोळ्यांची, हिरवट-निळी चकाकणारी क्रायसोमिया मेगासेफाला ही माशी. रक्त आणि आतड्यांतून सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूंचा माग ती शृंगिकांनी, म्हणजे डोक्यावरच्या स्पर्शकांनी, काढते. आकड्याला टांगलेले आणि वेळेत शीतगृहात गेलेले धड तिच्या फारसे उपयोगाचे नसते; कातड्यांच्या ढिगातील घड्या, मोरीच्या जाळीखाली गोठलेले रक्त आणि कोपऱ्यात साचलेली चरबी या तिच्या खऱ्या जागा. तेथे ती शेकडो अंड्यांचा पुंजका घालते आणि उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात.

अळीला पाय नसतात. तोंडातील दोन काळ्या आकड्यांनी ती मांस खरवडते, त्यावर पाचक रस सोडते आणि विरघळलेले अन्न शोषते. श्वसनछिद्रे शरीराच्या मागच्या टोकाला असल्यामुळे डोके रक्ताच्या चिखलात बुडालेले असतानाही तिचा श्वास चालू राहतो. शेकडो अळ्या एकत्र खाऊ लागल्या की त्या घोळक्याचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा १० ते २० अंशांनी वर जाऊ शकते आणि वाढीचा वेग आणखी वाढतो. तीन-चार दिवसांनी मात्र अळीचे वागणे पूर्ण उलटते. पारदर्शक त्वचेतून दिसणारी अन्नाची काळपट पिशवी रिकामी होते, आणि जी ओल व जो वास तिला आतापर्यंत खेचत होता त्याच्यापासूनच ती दूर निघते. उजेड टाळत, ओल्या भिंतीवर पाण्याच्या पातळ थराला चिकटून ती सरळ वर चढते आणि फरशीच्या फटीत किंवा भिंतीबाहेरच्या भुसभुशीत मातीत शिरते. तेथे तिचीच त्वचा आखडून, टणक होऊन तपकिरी कवच, म्हणजे कोष, बनते. आतली माशी तयार झाली की कपाळातील पिशवी रक्तद्रवाने फुगवून कवचाचे टोपण उडवते आणि तीच पिशवी फुगवत-आकसत माती सारून वर येते. माश्यांवर मारलेले औषध या कवचाच्या आत जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणून फवारणीनंतर आठवडाभरात या कवचांतून नव्या माश्या निघतात आणि औषध बनावट असल्याचा संशय घेतला जातो.

पाण्याने भरलेल्या पारदर्शक पिशव्या टांगल्याने माश्या पळतात, याला भक्कम पुरावा नाही. विजेचा झटका देणारे निळ्या दिव्याचे यंत्र मांसाच्या वर लावणे तर घातकच, कारण फुटलेल्या माशीचे जंतूंनी भरलेले तुकडे खाली पडतात. तेथे चिकट फलकाचा सापळा हवा.

उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात रक्त, ओझरीतील शेण व आतडी रोज हलवावी लागतात. मोरीची जाळी काढून खालचा चिकट थर खरवडावा, भिंत आणि फरशी यांमधील फटी बुजवाव्यात, आणि भिंतीबाहेरची माती अधूनमधून उकरून तपकिरी कोष सापडतात का ते पाहावे. ते सापडले, तर त्या भिंतीच्या आतली मोरी किंवा कातड्यांचा ढीग आधी तपासावा.